फोनच्या पलीकडचा रसायनतज्ज्ञ

क्लोरीनच्या टनरला, म्हणजे तो साठवण्याच्या मोठ्या टाकीला, गळती लागली की पहिला मोह होतो तो पाण्याचा मारा करण्याचा, आणि नेमका तोच घातक ठरतो. टनरमधले क्लोरीन द्रवरूप असते. पाण्याच्या उबेने त्याचा वायू आणखी वेगाने होतो. शिवाय पाण्याशी मिळून आम्ल तयार होते, ते धातू खाते आणि भोक मोठे होते. खरा उपाय म्हणजे भोक वरच्या बाजूला येईल असा टनर फिरवणे. मग द्रवाऐवजी वायू निसटतो. एक लिटर द्रवाचा साधारण साडेचारशे लिटर वायू होतो, हे ध्यानात घेतले की या हालचालीचे मोल कळते. जलशुद्धीकरण केंद्रांत असे टनर असतात. तिथे रात्री पोहोचलेल्या अग्निशमन जवानाने हे विचारायचे कोणाला?

या प्रश्नातूनच रासायनिक आपत्कालीन सल्लागार हा पेशा उभा राहिला. अमेरिकेत १९७१ मध्ये ‘केमट्रेक’ हे असा सल्ला देणारे केंद्र सुरू झाले, ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये हार्वेल येथे राष्ट्रीय केंद्र आले. तिथे दिवसरात्र कोणीतरी फोनपाशी असते. पदार्थ कोणता, पाटीवरचा चार आकडी यूएन क्रमांक काय, गळती द्रवाची की वायूची, वारा कुठे वाहतो, वस्ती किती अंतरावर, शेजारी आणखी काय साठवले आहे, असे प्रश्न तो एकामागून एक विचारतो. पदार्थाचे गुणधर्म आज कोणालाही मोबाइलवर सापडतात. लोकांना बाहेर काढायचे की दारे-खिडक्या लावून आतच थांबवायचे, याचे उत्तर मात्र कुठल्याही तक्त्यात नसते. ढग थोड्या वेळात निघून जाणार असेल तर घाईने घराबाहेर काढलेली माणसे थेट त्याच्या तोंडी जातात. गळती तासन्‌तास चालणार असेल तर बंद घरातही वायू शिरतो. हा निर्णय अपुऱ्या माहितीवर, काही मिनिटांत घ्यावा लागतो. म्हणून ‘अजून पुरेसे कळलेले नाही, तोवर जवळ जाऊ नका’ असे ठामपणे सांगता येणे हे मला या पेशातले सर्वांत मोठे कौशल्य वाटते.

भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. वस्तीला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. तोंडावर ओला कपडा धरा, एवढे सांगितले असते तरी काही जीव वाचले असते. लोक धावत सुटले आणि धावताना जास्तच वायू छातीत घेत गेले. बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी आग विझवायला दहा जणांचे पथक गेले. गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट होते. त्याबद्दलची पत्रे वर्षानुवर्षे कार्यालयांतून फिरत होती, पण निघालेल्या पथकाला कोणी काही सांगितले नाही. स्फोटात दहाही जण गेले. दोन्ही ठिकाणी धोका ठाऊक असलेली माणसे होती. ज्याला त्या क्षणी गरज होती, त्याच्यापर्यंत ते ज्ञान पोहोचवणे हे कोणाचेच काम नव्हते.

भोपाळनंतर आपण कायदे केले, आणि ते वाईट नाहीत. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत संकट गट नेमले. जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले. टँकरवर धोक्याची माहिती देणारी पाटी सक्तीची आहे. पण गट बैठका घेतो, इतिवृत्त लिहितो. रात्री दोन वाजता उत्तर द्यायला एक जागा माणूस लागतो.

तो कारखान्यातला असावा, असे काही जण म्हणतात. संयंत्राची सर्वांत जास्त माहिती त्यालाच असते, हे खरेच. ती त्याच्याकडून घ्यायलाच हवी. पण स्वतःच्याच संयंत्राची गळती किती मोठी आहे, हे सांगताना त्याच्यावर व्यवस्थापनाचे, नोकरीचे, उद्याच्या खटल्याचे ओझे असते. केमट्रेकही रसायन उत्पादकांच्या संघटनेनेच उभारले. तरी तिथे फोन उचलणारा गळक्या कारखान्याचा व्यवस्थापक नसतो. हे अंतर राखणे मला अत्यावश्यक वाटते.

महाराष्ट्राने अशा केंद्राची सुरुवात क्लोरीन आणि अमोनिया या दोनच वायूंपासून करावी. पहिला पाणीपुरवठ्यात आहे, दुसरा बर्फाचे कारखाने, शीतगृहे आणि दुग्धशाळांत. म्हणजे रासायनिक पट्ट्यांपासून दूरच्या तालुक्यांतही. राज्यासाठी एकच क्रमांक, पाळीपाळीने बसणारे पगारी रसायनतज्ज्ञ आणि त्यांच्यासमोर प्रत्येक साठ्याची अद्ययावत नोंद. लहान नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राला स्वतःचा तज्ज्ञ ठेवणे कधीच परवडणार नाही, म्हणून हा खर्च राज्यानेच उचलायला हवा.