बोटांचा हिशेब

कडबाकुट्टीत कुणाचा हात गेला की गाव हळहळतं आणि लगेच निकालही देतं, "घाई नडली." यंत्रावर झाकण होतं का, नसेल तर ते कुणी काढलं, त्या माणसाला यंत्र बंद करायला तरी कुणी शिकवलं होतं का, हे विचारायचं राहून जातं. दोष जखमी माणसाच्या पदरात टाकला की बाकी सगळे मोकळे होतात.

अकोले तालुक्यात राजूरच्या पश्चिमेला भंडारदरा-घाटघरकडे भातखाचरं आहेत. पूर्वेला, अकोले-संगमनेरच्या अंगाला, ऊस आणि दूधधंदा. पावसात चिखलात वाकून आवणी करणारी आदिवासी माणसं हंगाम संपला की मजुरीसाठी खाली उतरतात, पार नारायणगावपर्यंत जातात. स्वतःच्या खाचरात कामाचा वेग त्यांच्या हातात असतो. दुसऱ्याच्या रानात किंवा गोठ्यात तो यंत्र आणि मालक ठरवतात.

कोरडा कडबा कडबाकुट्टीचे रोलर सहज ओढून घेतात. ओला घास, उसाचे वाढे मात्र तोंडाशी अडतात. मग हात पुढे जातो. रोलरने बोटाचं टोक पकडलं की मागे ओढायला सवड मिळत नाही, आणि रोलरच्या पलीकडे लगेच पाती असतात. अशा वेळी "हातमोजे घाला" हा सल्लाही उलटा पडतो. फिरत्या यंत्रात मोजा, बांगडी, पदर, सैल बाही आधी अडकते आणि मागून हात जातो. अडकलेला चारा काढायचा तर मोटार बंद करून चाक थांबेपर्यंत थांबायचं, एवढाच खरा नियम.

पण नियम पाळणाऱ्या माणसालाही डुलकी येते, थकवा येतो. दिवसभर राबून संध्याकाळी वैरण कापणाऱ्याकडून अखंड सावधपणाची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. दिल्लीच्या आयआयटीत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांमधले असे अपघात अभ्यासले. यंत्राशी खेळणारी मुलंही जखमींत होती. माणसांना उपदेश करत बसण्याऐवजी या मंडळींनी यंत्रातच बदल सुचवले: पात्यांवर आवरण, मुख्य रोलरच्या अलीकडे हाताला आधीच सावध करणारा एक रोलर, आणि काम नसताना चाक फिरू नये म्हणून अडसर. मळणी यंत्राबाबत भारतीय मानकाचा विचारही हाच. पीक सरकवायची पन्हळ किमान 90 सेंटिमीटर लांब आणि त्यातली 45 सेंटिमीटर झाकलेली हवी, म्हणजे हात लांबवला तरी तो आतल्या ड्रमपर्यंत पोचू नये. अशा मळणी यंत्रांसाठी संसदेने 1983 साली धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदाही केला. तरीही काम भराभर उरकावं म्हणून झाकण काढून कोपऱ्यात टाकलेलं दिसतं.

हात गेल्यावर हिशेब सुरू होतो. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटाबोटाची टक्केवारी होती. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं मानायचं, तर्जनी गेली तर 14, मधलं बोट 12, करंगळी 7. कायद्याला कुठेतरी आकडा लावावाच लागतो. पण भाताचं रोप याच अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत धरून चिखलात रोवलं जातं. ती चिमूट गेलेल्या बाईच्या आवणीत किती टक्के उरतात?

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना एक अवयव गमावल्यास 1 लाख रुपये देते. ती खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. त्याच शेतात, त्याच यंत्रावर रोजाने राबणाऱ्या भूमिहीन मजुराला तिचा उपयोग नाही. ज्याच्याकडे हातांशिवाय दुसरं भांडवल नाही, त्याचाच हात उघडा पडतो.

म्हणून अपघाताची जबाबदारी ज्याच्याकडे बदल करण्याची ताकद आहे त्याच्याकडे आधी जायला हवी. झाकण विकत घेणं, ते जागेवर ठेवणं, बंद करायचं बटण हाताशी बसवणं, मूल आणि नवखा माणूस यंत्राजवळ जाऊ न देणं ही मालकाची कामं आहेत. "सांभाळून रे" असं म्हटल्याने ती पार पडत नाहीत. मजुराचं कर्तव्यही आहेच, पण ते पाळता यावं असं काम त्याला मिळायला हवं. उघड्या यंत्रावर काम करायला नकार दिला म्हणून रोज बुडत असेल, तर त्याचं "हो" आपण राजीखुशीचं कसं मानायचं?

खंडेनवमीला आपण अवजारांना हळदकुंकू लावतो, यंत्राला झेंडूची माळ घालतो. यंदा माळ घालण्याआधी झाकण बसवावं, पट्ट्यावर जाळी लावावी आणि जो माणूस ते यंत्र चालवतो त्यालाच विचारावं, "तुला कुठं भीती वाटते?" त्याने बोट दाखवलेली जागा दुरुस्त होईपर्यंत यंत्र बंद ठेवावं, आणि त्या दिवसाचा रोज त्याला पुरा द्यावा.