जबान अडते तेव्हा

उर्दू शाळेत शिकवताना मी एक चूक बरेच दिवस केली. सातवीतला एक मुलगा अडखळत बोलायचा. प्रश्न विचारला की त्याचा पहिलाच शब्द अडकून पडे, वर्ग हसू लागे आणि मग दया येऊन मीच त्याचे वाक्य पूर्ण करी. एके दिवशी त्याने वहीच्या पानावर लिहून दिले, 'सर, मला ते म्हणायचे नव्हते.' माझ्या दयेने त्याचे म्हणणेच हिरावून घेतले होते.

जिथे देशाचे कायदे होतात तिथेही हे घडते. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रिटनच्या संसदेत विरोधी पक्षाचे एड बॉल्स अर्थविषयक भाषणात अडखळले, तेव्हा समोरच्या बाकांवरून त्यांची हुर्यो उडवली गेली. हा आपला तोतरेपणा आहे, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सांगावे लागले. अमेरिकेच्या जेनिफर वेक्सटन यांची वाचा मेंदूच्या आजाराने क्षीण झाली. २०२४ मध्ये त्यांच्या जुन्या भाषणांवरून संगणकाने घडवलेल्या आवाजात त्यांनी सभागृहात भाषण केले. लोकांनी निवडून दिले होते ते त्यांना, त्यांच्या घशाला नव्हे.

मग वाणीचा ओघ हा प्रतिनिधित्वाचा निकष कसा? आपल्या घटनाकारांनी कलम १२० मध्ये एक वाट मोकळी ठेवली आहे. ज्या सदस्याला हिंदी किंवा इंग्रजीत नीट व्यक्त होता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. घरी उर्दू बोलणाऱ्या मला या तरतुदीचे मोल कळते. ज्याची भाषा खुणांची आहे, पक्षाघातानंतर ज्याला शब्द सापडायला वेळ लागतो, त्याला हाच न्याय का नको? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषेची अक्षमता मान्य केलीच आहे.

सभागृहाचा वेळ मोलाचा असतो, असे कोणी म्हणेल. पण गोंधळापायी दिवसच्या दिवस तहकूब होणाऱ्या सभागृहांना अडखळणाऱ्या माणसाची चार मिनिटे जड का व्हावीत? वाढीव वेळ, लेखी म्हणणे वाचून दाखवणारा सहायक, खुणांच्या भाषेचा दुभाषी, सामान्य नागरिकाला समजेल अशा सोप्या भाषेतले कागद, यात अशक्य काहीच नाही. अवघड आहे ते गप्प बसून ऐकणे.

मलाही ते उशिराच जमले. आता तो मुलगा बोलायला उभा राहिला की मी थांबतो. मी थांबतो म्हणून वर्गही थांबतो.