राजकन्येचा खोकला

सतराव्या शतकातील एका राजकन्येच्या कोरड्या खोकल्याविषयी ऐन दिवाळीत लिहावे, हे थोडे विचित्र वाटेल. पण फराळाचे ताट पुढे आले की घरोघर प्रकृतीच्या गप्पा निघतातच, आणि कोणीतरी कोणाला तरी हटकून सांगतो, "अहो, तुम्ही फार मनाला लावून घेता, म्हणून ही दुखणी!" नेमके हेच एकदा युरोपातल्या एका थोर तत्त्वज्ञाने एका बाईला लिहून कळवले होते, आणि तिने जे उत्तर दिले, ते अजून शिळे झालेले नाही.

ही बाई म्हणजे बोहेमियाच्या पदच्युत राजाची मुलगी एलिझाबेथ. बापाचे राज्य जेमतेम एका हिवाळ्यापुरते टिकले आणि १६२० साली गेले. पुढे हे कुटुंब हॉलंडात हेग येथे आश्रितासारखे राहिले. १६४३ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने देकार्तला पत्र लिहिले. देकार्तच्या मते मन आणि शरीर ही दोन अगदी निराळी तत्त्वे: मन विचार करते पण जागा व्यापत नाही, शरीर जागा व्यापते पण विचार करीत नाही. राजकन्येने विचारले, ज्याला आकार नाही, ज्याचा कशाला स्पर्श होत नाही, ते मन हात हलवते तरी कसे? देकार्तने उत्तरे पुष्कळ दिली. तिचे समाधान झाले नाही.

मराठी माणसाला हा प्रश्न पडला नसता. आपल्याकडे भीतीने पोटात गोळा येतो, दुःखाने छाती भरून येते, रागाने पित्त खवळते. आधी मनाची आणि व्याधी शरीराची, असा भेद केला खरा. पण उच्चार करताना आपण दोघींना एकाच दमात 'आधिव्याधी' म्हणून मोकळे होतो. भाषेचे हे शहाणपण घरात मात्र नेहमीच उपयोगी पडते असे नाही. 'जिवाला फार लागले हो' असे ज्या घरात म्हणतात, त्याच घरात डॉक्टरांनी 'तपासणीत काही निघाले नाही' म्हणताच सुनेचे दुखणे 'मनाचे खेळ' होऊन बसते.

१६४५ च्या वसंतात राजकन्या आजारी पडली. अंगात बारीक ताप, कोरडा खोकला. हे कानी येताच देकार्तने निदान लिहून पाठवले: अशा तापाचे नेहमीचे कारण म्हणजे दुःख. घराण्यामागे लागलेले दुर्दैव तिने रंगभूमीवरचे नाटक पाहावे तसे अलिप्तपणे पाहावे. पुढच्या एका पत्रात त्याने स्पा येथील झऱ्यांच्या पाण्याबरोबर हिरवे रान, फुलांचे रंग, पक्ष्यांचे उडणे डोळे भरून पाहण्याचा उपाय सुचवला. स्वतःचा दाखलाही दिला. त्यालाही लहानपणापासून असाच खोकला होता, हा पोरगा जगत नाही असे वैद्य म्हणत; पण प्रत्येक गोष्टीची चांगली बाजू पाहण्याच्या सवयीने आपण बरे झालो, असा त्याचा विश्वास होता.

उपदेश प्रेमाचा होता, यात शंका नाही. पण राजकन्येने कळवले की, त्रास देणाऱ्या गोष्टी सतत माणसांच्या बोलण्यांतून आणि पत्रांतून समोर येतात, आणि त्या टाळायच्या तर कर्तव्यात कसूर होते. किती साधे, आणि किती घरगुती उत्तर! 'काळजी करू नका' असे सांगणारा माणूस ती काळजी स्वतःकडे घेत नसतो. दुखणे दुःखातून आले, दुःख सोडणे तुमच्या हाती, आणि सोडवले नाही तर खोकल्याला जबाबदारही तुम्हीच! रोगाबरोबर अपराधही रोग्याच्याच पदरात पडतो.

मनाचा शरीरावर परिणाम होतो, हे देकार्तचे म्हणणे खोटे नव्हते. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग केला. औषधाचा अंशही नसलेल्या खोट्या औषधाने काहींच्या वेदना कमी झाल्या. मग अफूजन्य औषधांचा परिणाम मोडून काढणारे नॅलोक्सोन दिले, तेव्हा त्याच रोग्यांच्या वेदना वाढल्या. म्हणजे नुसत्या विश्वासाने शरीरातलीच अफूसारखी द्रव्ये कामाला लागली होती. 'मनाने बरे वाटले' हे जर शरीरातच घडते, तर 'मनाने दुखते' हे तरी नाटक कसे?

आणि तरीही कारण मनात आहे असे ठरवण्याची घाई नडते. जठरातील व्रणाचे, म्हणजे अल्सरचे पाहा. विसाव्या शतकात बराच काळ तो काळजीखोर, धावपळ्या माणसाचा रोग मानला जाई. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत वाकडे जिवाणू दिसले. त्यांचे तरुण सहकारी बॅरी मार्शल ते वाढवू पाहत होते. १९८२ साली ईस्टरच्या सुटीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस राहून गेल्या आणि जिवाणू वाढले. (सुटीचे असेही उपयोग असतात!) कोणाला पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जिवाणू प्याले आणि थोड्याच दिवसांत ओकाऱ्या काढू लागले, जठराला दाह झालेला आढळला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगातील निम्म्याच्या आसपास लोकांच्या पोटी हे जिवाणू राहत आले आहेत आणि व्रण थोड्यांनाच होतो, तेव्हा मनाच्या ताणाचाही काही वाटा असेल. पण 'तुमचा स्वभावच असा' हे ऐकत ज्यांनी वर्षानुवर्षे दूधभातावर दिवस काढले, त्यांची क्षमा कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

राजकन्येकडे असे काही जिवाणू नव्हते. तिच्याजवळ होती फक्त आपल्या शरीराची साक्ष. १६४५ च्या ऑगस्टात देकार्त सुख हे पूर्णपणे आपल्या हाती असल्याचे समजावीत होता. तिने लिहिले की, काही रोग विचार करण्याची शक्तीच हिरावून नेतात, आणि काही ती इतकी क्षीण करतात की शहाणपणाने ठरवलेले नियम पाळता येत नाहीत. एक सप्टेंबरच्या उत्तरात देकार्तने हे निरीक्षण खरे असल्याचे मान्य केले.

१६५० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमच्या थंडीत देकार्तला फुप्फुसाचा दाह झाला आणि थोड्याच दिवसांत तो गेला. एलिझाबेथ पुढे जर्मनीतील हेरफोर्डच्या मठाची प्रमुख झाली. ती १६८० पर्यंत जगली.