न झालेल्या नात्याचं सुतक

डेझिरे आखवान या इराणी-अमेरिकी दिग्दर्शिकेचा ‘अप्रोप्रिएट बिहेविअर’ हा चित्रपट २०१४ साली सनडान्स महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. नायिका शिरीनची भूमिका आखवाननेच केली आहे. शिरीन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहते आणि मिळेल ती नोकरी म्हणून चिमुरड्या मुलांना सिनेमा करायला शिकवते. तिला मुलगे आवडतात, मुलीही आवडतात. मॅक्सिन नावाच्या मुलीबरोबरचा तिचा संसार नुकताच मोडला आहे आणि चित्रपट सुरू होतो तो त्या घरातून तिचं सामान निघतं तिथून. पुढे गोष्ट सलग जात नाही. मधूनच जुना एखादा दिवस उगवतो, हसवतो आणि जखमेवरची खपली काढून जातो.

शिरीनचे आईवडील सुखवस्तू आहेत, प्रेमळ आहेत. भाऊ कर्तबगार, त्याचं लग्न ठरलेलं. या सगळ्यांच्या लेखी मॅक्सिन म्हणजे शिरीनची रूममेट. घरच्या मंडळींमध्ये नवरोजची मेजवानी होते, तिथेही तिची ओळख याहून पुढे सरकत नाही. मॅक्सिनला हे सलत राहतं आणि दोघींमध्ये जी तेढ पडते तिचं हे एक मोठं कारण. आता रूममेट गेली. रूममेट जातात, दुसऱ्या येतात. त्यात मुलीनं डोळे सुजवून घ्यावेत असं काय घडलं, असं घरच्यांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

समलिंगी किंवा उभयलैंगिक मुलामुलींविषयी बोलताना आपलं सगळं लक्ष एकाच घटकेवर असतं. घरी सांगितलं का? आई काय म्हणाली? वडील बोलतात का? कथा, कादंबऱ्या, सिनेमे याच घटकेभोवती रचलेले असतात. मला वाटतं, घराची खरी परीक्षा त्यानंतर होते, नातं तुटतं तेव्हा. प्रेम चोरून करता येतं, जगभर माणसं ते करत आली आहेत. दुःख चोरून करणं फार कठीण. त्याला सोबत लागते, कुणीतरी न विचारता पुढ्यात चहा ठेवावा लागतो, चार दिवस कामाला गेलं नाही तर घरात ते समजून घ्यावं लागतं. जे नातं घराच्या हिशेबात कधी धरलंच नाही, ते गेल्याचं सुतक घरानं कसं पाळावं?

इराणी माणसाला दुःख करता येत नाही असं तर कुणीच म्हणणार नाही. घरात मृत्यू झाला की तिसरा दिवस, सातवा, चाळिसावा आणि मग वर्षश्राद्ध, असे टप्पे ठरलेले असतात. बायका जाड बुडाच्या पातेल्यात पीठ खमंग भाजतात, पिठाचा रंग गडद झाला की साखर, केशर आणि गुलाबपाणी घालून हलवा घोटतात, ताटलीत थापून वर चमच्यानं नक्षी काढतात. पीठ घोटून हात भरून येतो, म्हणून आळीपाळीनं घोटायचं, आणि घोटता घोटता गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात. येणाऱ्याच्या हातावर हलवा आणि खजूर पडतो. मोहरममध्ये तर करबलाचं तेराशे वर्षांपूर्वीचं दुःख काल घडल्यासारखं रस्त्यावर उतरतं. ठरलेलं लग्न मोडलं तरी मावश्या, आत्या जमतात, मुलाकडच्यांना बोल लावतात, मुलीच्या पाठीवरून हात फिरवतात. इतकं सगळं ज्या समाजाकडे आहे, त्यातल्या एका मुलीसाठी यातलं काहीच नसावं, हे मला त्या चित्रपटातल्या कुठल्याही भांडणापेक्षा जास्त लागलं.

मुलगी फक्त मुलींवरच प्रेम करणारी असेल तर घराला कधी ना कधी काहीतरी ठरवावं लागतं, स्वीकारायचं की दार लावायचं. उभयलैंगिक मुलीच्या घराला ते ठरवावंच लागत नाही. तुला मुलगे आवडतात ना, मग झालं तर, एखादा चांगला बघ. यात दुष्टावा नसतो, आशा असते, आणि आशेशी वाद घालणं रागाशी वाद घालण्यापेक्षा अवघड. शिरीन शेवटी आईला सांगते तेव्हा आई आकांडतांडव करत नाही. ती ते खरं मानतच नाही. मुलीचं अर्धं मन घरानं ठेवून घेतलं आणि उरलेलं अर्धं तिच्याकडे परत पाठवलं.

आईवडिलांच्या बाजूनंही बघायला हवं. १९७९च्या क्रांतीनंतर आणि १९८० ते ८८च्या इराकयुद्धाच्या काळात लाखो इराणी देश सोडून गेले. लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड भागात फारसी पाट्यांची दुकानं उभी राहिली. तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतल्या ओलीस प्रकरणानंतरच्या अमेरिकेत ‘इराणी’ म्हणवून घेणं सोपं नव्हतं. घर, हुद्दा, भाऊबंद सगळं मागे टाकून आलेल्या माणसांजवळ दोनच गोष्टी उरल्या होत्या, अब्रू आणि मुलं. त्यात मागे राहिलेल्या देशाचा कायदा. इराणच्या २०१३च्या दंडसंहितेत दोन स्त्रियांच्या शरीरसंबंधाला शंभर फटक्यांची शिक्षा आहे आणि तीनदा शिक्षा होऊन चौथ्यांदा गुन्हा ठरला तर मृत्युदंड. अमेरिकेत वाढलेल्या मुलीला हा कायदा लागू नसतो, पण तेहरानमधल्या आजीला भेटायला ती पुन्हा जाणार असते. तेव्हा आईच्या ‘नाही’मध्ये निव्वळ लोकलाज नाही, धास्तीही आहे. उघडपणे सांगणं हाच प्रेमाचा पुरावा, असं मानणाऱ्या मॅक्सिनला ही धास्ती दिसत नाही. तिची मागणी रास्त आहे, आणि तरीही ती अर्धीच गोष्ट बघते आहे.

शिवाय लपवाछपवी फक्त आईवडिलांपासून असते असंही नाही. आखवाननेच २०१८ साली ब्रिटनच्या चॅनल फोरसाठी ‘द बायसेक्शुअल’ ही मालिका केली. त्यातली लैला लंडनमध्ये एका स्त्रीबरोबर अनेक वर्षं राहिलेली आहे. ते नातं थांबतं आणि ती पुरुषांना भेटू लागते, तेव्हा तिला हे लपवावं लागतं ते आपल्या समलिंगी मैत्रिणींपासून. त्यांच्या लेखी ती फितूर ठरेल. म्हणजे घरी स्त्रीसाठी रडायची सोय नाही आणि मैत्रिणींत पुरुषासाठी नाही.

इराणी घरात एक जागा मात्र अशी आहे की तिथे कुणी नाव विचारत नाही. डिसेंबरातल्या सर्वांत मोठ्या रात्री, यल्दाला, डाळिंबाचे दाणे आणि कलिंगडाच्या फोडी मांडून घर जागतं आणि वडीलधारं माणूस हाफिज या कवीचा दीवान उघडतं. ज्याचा कौल घ्यायचा त्यानं मनात एक गोष्ट धरायची, ती बोलून दाखवायची नाही. मग पान उघडतं, गझल वाचली जाते, सगळे मिळून अर्थ लावतात. मुलीच्या मनात कोण आहे हे न कळताही अख्खं घर तिच्या विरहावर बोलत असतं. जुन्या रिवाजात एवढी उदारता आहे, हे त्या रिवाजाला कळत असेल का कुणास ठाऊक.

आणि स्त्रीनं स्त्रीसाठी झुरणं हे काही पाश्चात्त्यांकडून आलेलं नवं खूळ नव्हे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इस्फहानमधली एक विधवा मक्केच्या यात्रेला निघाली. नवरा सफावी दरबारात फर्मानं लिहिणारा अधिकारी. तिचं स्वतःचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, तिनं पद्यात लिहिलेलं प्रवासवर्णन पोचलं आहे. इतिहासकार कॅथरिन बाबायान यांनी त्यावर बारकाईनं लिहिलं आहे. यात्रेच्या वाटेवर ही बाई उर्दूबादला जाते, कारण तिथे तिची जिवाची सखी आहे. लोकांच्या कुजबुजीनं दोघींची ताटातूट झालेली. हजच्या पुण्यप्रवासाच्या कवितेत तिनं हा विरह मोकळेपणानं मांडला. त्या काळी दोन बायका देवाला साक्षी ठेवून एकमेकींच्या बहिणी होत, तसा विधीच होता. या बाईला आजचं कुठलं लेबल लावावं हे मी ठरवणार नाही, तो तिच्यावर अन्याय होईल. एवढं मात्र स्पष्ट आहे की सखी दुरावल्याचं दुःख लिहायला तिला आडपडदा लागला नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपीय पाहुण्यांच्या नजरेनं इराणी सुधारक स्वतःकडे बघू लागले आणि अशा नात्यांची लाज वाटू लागली, असं इतिहासकार अफसाना नजमाबादी यांनी २००५च्या आपल्या ग्रंथात दाखवलं आहे. शिरीनच्या आईला जी परंपरा वाटते तिचा बराच भाग असा अलीकडचा आहे.

मरियम केशावर्झ यांच्या ‘द पर्शियन व्हर्जन’ला २०२३ साली सनडान्समध्ये प्रेक्षकांची पसंती मिळाली. त्यातली नायिकाही लैलाच, आठ भावांत एकटी बहीण. बायकोपासून ती वेगळी झाली आहे आणि एका पुरुषाबरोबरच्या एका रात्रीनंतर तिला दिवस गेले आहेत. आईशी तिचा उभा दावा. अर्ध्या वाटेवर चित्रपट मुलीच्या हातून काढून आईच्या हाती दिला जातो. कोवळ्या वयात लग्न होऊन आडगावी गेलेली ही पोर, डॉक्टर नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी प्रकरण, पोटचं मूल गमावणं. अब्रू राखण्यासाठी हे सगळं गिळून ती अमेरिकेत आली आणि ‘जे झालं ते झालं’ म्हणत मुलं वाढवली. तिच्याही दुःखाला कुणी हलवा घोटला नव्हता. मुलीच्या विरहाशी ती इतकी कठोर का, याचं उत्तर मला तिथे मिळालं. जे आपल्या वाट्याला आलं नाही ते मुलीला द्यायचं असतं, हे तिला सुचलंच नसावं. आपापल्या घरात उरी फुटून रडलेल्या या दोघी समोरासमोर येतात त्या लैलाच्या बाळंतपणात, आणि त्या मुलीला आईच्या गेलेल्या लेकराबद्दल वर्षानुवर्षं कुणी चकार शब्द सांगितलेला नसतो.