'त्याच्यानंतर' या शब्दाचा अर्थ

शब्दाचा अर्थ लावणे हे समीक्षेचे काम मानले जाते. परंतु न्यायालयातही कधी एका शब्दावर मातेचा अधिकार अवलंबून असतो. कादंबरीकार गीता हरिहरन व त्यांचे पती यांनी १९८४ साली अज्ञान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून आईने सही करावी, असे उभयतांनीच ठरवले होते. बँकेने वडिलांची सही मागितली. तिचा आधार होता १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम : नैसर्गिक पालक पिता, 'आणि त्याच्यानंतर' माता.

सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली 'नंतर'चा अर्थ 'अनुपस्थितीत' असा लावला. पिता अपत्याकडे लक्ष देत नसेल, किंवा परस्परसंमतीने माताच सर्व पाहत असेल, तर तीही अनुपस्थितीच. हा अर्थ लावताना संविधानातील समतेच्या जोडीला स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा संयुक्त राष्ट्रांचा १९७९ चा करार न्यायालयाने समोर ठेवला.

परक्या शब्दाचा हा आधार कशाला, अशी तक्रार होते. ती टिकणारी नाही. भारताने १९९३ साली त्या कराराचे अनुसमर्थन केले. स्वतः दिलेला शब्द परका कसा? खरी अडचण निराळीच आहे. कराराच्या सोळाव्या अनुच्छेदातील पहिल्या परिच्छेदात पालकत्वाच्या समान अधिकारांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि नेमक्या त्याच परिच्छेदाला शासनाने निवेदन जोडले : कोणत्याही समाजाच्या व्यक्तिगत बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याचे धोरण सांभाळूनच पालन होईल. भाषा सौजन्याची आहे. पण समाजाची संमती म्हणजे कुणाची? घरातल्या कर्त्या पुरुषालाच 'घर' समजायचे आणि उरलेल्यांना विचारायचे नाही, असाच तिचा व्यवहारातला अर्थ होत आला आहे. शिवाय १९५६ चा अधिनियम संसदेनेच केला होता. तेव्हा हस्तक्षेपाचा हा संकोच फारसा आडवा आला नव्हता.

करारामुळे वाचन उदार झाले, यात शंका नाही. तरी न्यायालयाने तो शब्द रद्द केला नाही, केवळ वाकवला. माता व पिता यांना एकाच वेळी समान पालक मानावे, अशी शिफारस विधि आयोगाला २०१५ सालीही करावी लागली. १९९९ च्या अर्थानुसार मातेला सही करता यावी म्हणून पिता आधी अनुपस्थित ठरावा लागतो. हरिहरन यांच्या घरी तर तो उपस्थित होता, आणि तिच्या सहीला त्याची संमतीही होती.