कच्ची पात्रे, खरे अश्रू

पात्र जितके कसदार लिहिलेले, तितका त्याचा वाचकाच्या मनावरील ठसा खोल, असे समीक्षेत बहुधा गृहीत धरले जाते. त्यामुळे ढिसाळपणे रंगवलेल्या एखाद्या व्यक्तिरेखेसाठी हजारो लोक रडले किंवा चिडले, तर त्या भावनेची भाबडेपणात गणना होते. लेखकाने पात्रात भरून ठेवलेली भावना वाचक केवळ उचलून घेतो, ही समजूत या गृहीतकाच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात पात्राला जिवंत करण्याच्या कामात वाचकाचा वाटा मोठा असतो, आणि लेखकाने आपला वाटा नीट उचलला नाही, तर पुष्कळदा वाचकाचा वाटा वाढतो.

याचा सर्वांत बोलका दाखला एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडतो. चार्ल्स डिकन्सची ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ ही कादंबरी १८४०-४१ मध्ये ‘मास्टर हम्फ्रीज क्लॉक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. जुगारापायी कफल्लक झालेल्या आजोबांना घेऊन लंडन सोडणारी आणि अखेर भटकंतीने थकून प्राण सोडणारी नेल ही तिची लहानगी नायिका. शेवट जवळ येऊ लागला तसे नेलला मारू नये अशी विनवणी करणारी पत्रे डिकन्सकडे येऊ लागली, आणि साप्ताहिकाचा खप एक लाखाच्या घरात गेला. तरीही कारागिरीच्या दृष्टीने नेल हे कच्चेच पात्र आहे. आरंभी ती जितकी निष्पाप आणि सोशिक असते तितकीच शेवटीही असते, तिच्या मनात दोन इच्छांची झुंज क्वचितच लागते, आणि तिचा चांगुलपणा तिच्या निर्णयांतून उलगडण्याऐवजी लेखकच तो पुनःपुन्हा सांगत राहतो. १९३० साली साहित्यातील हीन अभिरुचीवर लिहिताना इंग्रज लेखक ऑल्डस हक्सलीने नेलच्या या भावविवश चित्रणावर बोट ठेवले होते. त्याच कादंबरीतील खुजा आणि दुष्ट क्विल्प तिच्यापेक्षा कितीतरी सजीव उतरला आहे. पण अश्रू नेलच्या वाट्याला आले.

याचे पहिले कारण मानवी मनाच्या घडणीत आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली होती. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकोनाच्या आतबाहेर फिरतात, एवढेच तिच्यात होते. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांनी तिचे वर्णन पाठलाग, दांडगाई, भीती आणि सुटका अशा, सजीवांना शोभणाऱ्या भाषेत केले. तेथे पात्रचित्रण तर दूरच, चेहराही नव्हता. हालचालीला दिशा आणि परिस्थितीला ताण मिळाला की मन त्यामागे हेतू आणि भावना स्वतःहून उभ्या करते, आणि म्हणूनच घर सुटलेले मूल व त्याच्या मागावर असलेला दुष्ट माणूस एवढी मांडणी, त्या मुलाची रेखा पुसट असली तरी, वाचकाला गुंतवण्यास पुरेशी ठरते.

दुसरे कारण संहितेतील रिकाम्या जागांचे आहे. वाचनप्रक्रियेचे जर्मन अभ्यासक वोल्फगांग इझर यांच्या मते, संहितेत न सांगितलेल्या गोष्टी वाचक कल्पनेने भरतो, आणि साहित्यकृती या भरण्यातून पूर्ण होते. कुशल लेखक अशा जागा योजून ठेवतो आणि तेथे काय बसेल व काय बसणार नाही यावर संहितेचा लगाम ठेवतो. अकुशल लेखकाच्या हातून त्या केवळ राहून जातात, आणि लगाम नसल्याने तेथे काहीही बसू शकते. नेलच्या काळी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दीडशे मुले पहिला वाढदिवस पाहत नसत, आणि अशा समाजात मृत्युशय्येवरील बालिकेच्या धूसर आकृतीत प्रत्येक घराला आपले गेलेले मूल दिसणे स्वाभाविक होते. डिकन्सचा मित्र, विख्यात नट विल्यम मॅक्रेडी याने नेलला जगू द्यावे अशी गळ त्याला घातली होती, आणि त्याच्या आधीच्या नोव्हेंबरमध्येच मॅक्रेडीची स्वतःची लहान मुलगी वारली होती. भूमिकेतील खरेखोटे ओळखण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस चित्रणाच्या बारकाव्याने नव्हे, स्वतःच्या जखमेमुळे व्याकूळ झाला होता.

चित्रणाने हेलावणे आणि स्वतःच्या जखमेने व्याकूळ होणे या दोन अवस्थांमधील भेद भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी ओळखला आहे. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार कलेच्या अनुभवात भाव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ न राहता सर्वांचा होतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील सात विघ्ने सांगितली, आणि त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे, याचाही समावेश केला. या कसोटीवर नेलसाठी ढाळलेल्या अश्रूंमधील बरेचसे रसास्वादाचे ठरत नाहीत. पण ते खोटेही ठरत नाहीत. तो खराच शोक होता आणि त्याला वाट हवी होती. मराठी साहित्यिक न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ या संज्ञेने, परक्या अनुभवात शिरूनही स्वतःचे भान न हरपणारी जी अवस्था सांगितली, ती घडण्यासाठी समोर दुसऱ्याचा अनुभव स्पष्टपणे उभा असावा लागतो. पात्र पोकळ असेल तर वाचक शिरतो तो स्वतःच्याच अनुभवात.

चाहत्यांच्या रागाचा उगमही येथेच आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या २०११ साली सुरू झालेल्या अमेरिकन मालिकेतील डेनेरिस ही गुलामांना मुक्त करणारी राणी प्रेक्षकांना इतकी जवळची वाटली, की काही पालकांनी मुलींना तिचे नाव दिले. २०१९ च्या अखेरच्या पर्वात, शरण आलेले शहर ती जाळून टाकते. तिच्या क्रौर्याची बीजे आधी पेरलेली असली, तरी हे वळण घाईने उरकल्याची तक्रार मोठ्या प्रमाणावर झाली, आणि ते पर्व नव्याने लिहावे या मागणीच्या निवेदनावर पंधरा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. हा संताप हट्ट म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. अनेक वर्षे ज्यांनी या पात्राच्या मनातील न सांगितलेले दुवे स्वतः जुळवले, ते त्याच्या घडणीत सहभागी झालेले होते; लेखकांनी घाईने ते दुवे तोडले, तेव्हा सहनिर्मात्याचे श्रम वाया गेले. रडणारा आणि चिडणारा चाहता एकच काम करत असतो, फरक इतकाच की पहिल्याला रिकामी जागा भरू दिली जाते आणि दुसऱ्याने भरलेली जागा उसकटली जाते.

म्हणून वाचकाला काय झाले आणि लेखकाने काय केले, हे दोन प्रश्न समीक्षेने वेगळे ठेवले पाहिजेत. अश्रूंवरून लेखनाला गुण देणे जितके चुकीचे, तितकेच लेखनातील दोषांवरून अश्रूंना खोटे ठरवणे चुकीचे आहे. लेखकानेही उदंड प्रतिसाद ही आपल्या कौशल्याची पावती समजू नये, कारण त्यातील मोठा हिस्सा वाचकाने पदरचा घातलेला असू शकतो. चांगल्या पात्रचित्रणाची थोरवी वाचकाला रडवण्यात नाही, ते तर कच्चे पात्रही करते. स्वतःच्या दुःखाने भरलेल्या माणसाला दुसऱ्याचे दुःख दुसऱ्याचेच म्हणून जाणवू देणे हे अधिक अवघड काम आहे, आणि त्यासाठी कारागिरीला पर्याय नाही.