बीटल्स की स्टोन्स: एका वादाची साठ वर्षं

बीटल्स थोर की रोलिंग स्टोन्स, हा वाद आता साठी ओलांडून गेला आहे. रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये इतका टिकलेला दुसरा वाद मला माहीत नाही, आणि त्याला पोरखेळ समजून बाजूला सारणाऱ्यांशी माझं पटत नाही. सामान्य श्रोत्याला आपल्या आवडीची कारणं द्यायची सवय लागली ती याच वादामुळे, असं माझं मत आहे. 'मला आवडतं' एवढ्यावर भागेना, 'का आवडतं' हेही सांगावं लागू लागलं. सुरुवात मात्र एवढी भारदस्त नव्हती. वादाचा पहिला आराखडा एका एकोणीस वर्षांच्या प्रसिद्धीवाल्याच्या डोक्यातून निघाला.

१९६३च्या एप्रिलमध्ये लंडनजवळच्या रिचमंडमध्ये, स्टेशन हॉटेलात, क्रॉडॅडी नावाचा क्लब भरत असे. तिथे रोलिंग स्टोन्स अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे ब्लूज वाजवत. १४ एप्रिलला बीटल्स स्वतः ते ऐकायला गेले आणि खूश होऊन परतले. पुढच्याच महिन्यात बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या डिक रो यांना स्टोन्सचं नाव सुचवलं. बीटल्सना नाकारणारा माणूस म्हणून रो यांचं नाव तोवर झालंच होतं. या वेळी त्यांनी वेळ घालवला नाही, करार झाला. त्याच वर्षी बीटल्सच्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी 'आय वॉना बी युअर मॅन' हे आपलं गाणं स्टोन्सना दिलं, तेही त्यांच्या डोळ्यांदेखत पुरं करून. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते १२व्या क्रमांकापर्यंत चढलं. गाणी आपली आपण रचता येतात, हे स्टोन्सच्या मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी तिथे प्रत्यक्ष पाहिलं. ज्यांना आपण एकमेकांचे वैरी मानतो, त्यांच्यातलं नातं असं सुरू झालं होतं.

वैर रचलं ते त्या एकोणीस वर्षांच्या प्रसिद्धीवाल्याने, अँड्र्यू लूग ओल्डमने. बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांच्यासाठी त्याने प्रसिद्धीचं काम केलेलं होतं. एपस्टाइन यांनी हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्ररात्र वाजवून तयार झालेल्या चार पोरांची चामडी जाकिटं उतरवून त्यांना सूट चढवले होते. स्टोन्सचा कारभार हाती आल्यावर ओल्डमने सुरुवातीला त्यांनाही एकसारखे चौकड्यांचे कोट दिले, पण ही वाट आधीच कोणीतरी चालून गेलं आहे हे त्याच्या लवकर ध्यानात आलं. मग त्याने उलटी वाट धरली. केस विस्कटलेले, चेहरे त्रासिक, आईबापांनी नाक मुरडावं असं सगळं. इयान स्ट्युअर्ट हा उत्तम पियानोवादक, बँडच्या अगदी पहिल्या दिवसांपासूनचा, पण तो या चित्रात बसेना म्हणून मंचावरून हटवला गेला. तो पुढेही स्टोन्सचं सामान वाहत आणि पडद्यामागून पियानो वाजवत राहिला. एका प्रतिमेपायी त्याच्यावर झालेला हा अन्याय मला आजही सलतो.

सभ्य बीटल्स, उनाड स्टोन्स ही मांडणी खऱ्या आयुष्याच्या नेमकी उलट होती. बीटल्सचा रिंगो स्टार लिव्हरपूलच्या डिंगल या गरीब वस्तीत वाढलेला, हॅरिसनचे वडील बस चालवणारे. जॅगरचे वडील शिक्षक, आणि तो स्वतः लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होता. कष्टकरी घरांतली मुलं सभ्य ठरली आणि शिक्षकाचा मुलगा उनाड ठरला. तरी लाखो मुलामुलींनी ही वाटणी मनापासून स्वीकारली, कारण त्यांना हवीच होती ती. घरातल्या मोठ्यांशी आपलं नातं कसं असावं, हे ठरवायचं ते वय. तू कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर देताना ती मुलं स्वतःबद्दल सांगत होती.

संगीताबद्दल बोलणं त्यानंतर सुरू झालं. १९६६मध्ये पॉल विल्यम्स या अमेरिकन विद्यार्थ्याने रॉकवर गंभीरपणे लिहिणारं नियतकालिक काढलं आणि त्याला रिचमंडच्या त्या क्लबचं नाव दिलं, 'क्रॉडॅडी'. १९६७च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'रोलिंग स्टोन' हे नियतकालिक निघालं, आणि त्याच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर होता जॉन लेनन! रॉकच्या समीक्षेच्या जन्मातच हे दोन्ही बँड असे गुंफलेले आहेत. चाहते आता गाण्यांची रचना, ध्वनिमुद्रण, आवाजाचा पोत यांवर हिरिरीने बोलू लागले. बीटल्सनी ऑगस्ट १९६६मध्ये दौरे थांबवले आणि स्टुडिओत मुक्काम ठोकला, तेव्हा 'स्टुडिओ की मंच' हा नवा पैलूही वादाला मिळाला.

१९६८ने हाच प्रश्न राजकारणात ओढला. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध लंडनच्या ग्रॉव्हनर स्क्वेअरमध्ये मार्चमध्ये उसळलेल्या निदर्शनांत जॅगर होता. ऑगस्टमध्ये स्टोन्सचं 'स्ट्रीट फायटिंग मॅन' अमेरिकेत आलं आणि शिकागोतल्या रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचं नाकारलं. त्याच महिन्यात बीटल्सचं 'रेव्होल्यूशन' आलं, त्यात लेनन हिंसेपासून अंग काढून घेत होता. लंडनच्या 'ब्लॅक ड्वार्फ' या डाव्या पत्राने जॅगरचे शब्द छापले आणि लेननला जाहीर पत्र लिहून जाब विचारला. लेननने त्याला उत्तर दिलं. एका पॉप गायकाला क्रांतीबद्दल जाब द्यावासा वाटला, हे मला फार मोलाचं वाटतं. निकाल मात्र तेव्हाच्या डाव्यांनी घाईत दिला. बीटल्सच्या त्या वर्षीच्या अल्बममधल्या संथ 'रेव्होल्यूशन'मध्ये लेनन होकार आणि नकार दोन्ही एका दमात गातो, ती घालमेल प्रामाणिक आहे. आणि जॅगरचं गाणं नीट ऐकलं, तर रस्त्यावरच्या लढाईची हाक देता देता तोही अखेर गाण्याच्याच आसऱ्याला येतो.

ओल्डम १९६७मध्येच स्टोन्सपासून दूर झाला होता, पण त्याने रंगवलेला धोका पुढे खरा झाला. ६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या ऑल्टमाँट इथे स्टोन्सच्या मैफलीत, बंदोबस्ताला ठेवलेल्या हेल्स एंजल्स या मोटारसायकल टोळीतल्या एकाने मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला भोसकलं. त्यात तो गेला. 'स्टोन्स म्हणजे खरा धोका' असं अभिमानाने सांगणाऱ्या चाहत्याने हे नाव लक्षात ठेवायला हवं.

१९७०मध्ये बीटल्स फुटले आणि वादाचा पायाच बदलला. एक पुरं झालेलं काम आणि एक चालू असलेलं काम यांची तुलना करायची कशी? त्याच वर्षअखेर 'रोलिंग स्टोन'ला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत लेननने तक्रार केली की आपण जे जे केलं ते ते स्टोन्सनी काही महिन्यांनी उचललं. १९६७च्या 'देअर सॅटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट'पुरती ती तक्रार खरी आहे. तो अल्बम 'सार्जंट पेपर'च्या सावलीतच उभा आहे. पण 'लेट इट ब्लीड' हे शीर्षक 'लेट इट बी' अल्बमची नक्कल आहे असं अनेक जण ठामपणे सांगतात, तेव्हा तारखा पाहाव्यात: स्टोन्सचा अल्बम डिसेंबर १९६९चा, बीटल्सचा मे १९७०चा.

मुख्य म्हणजे 'बेगर्स बँक्वेट'पासून 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'पर्यंत, १९६८ ते १९७२, स्टोन्सनी जे केलं त्याचा उगम बीटल्समध्ये सापडत नाही. रिचर्ड्सने सहावी तार काढून टाकली आणि पाच तारांची गिटार मोकळ्या स्वरांत लावली. चार्ली वॉट्सचे ड्रम त्या गिटारच्या किंचित मागे पडतात, आणि त्या एवढ्याशा फटीत सगळं गाणं झुलतं. 'गिमी शेल्टर'मध्ये गायिका मेरी क्लेटनचा आवाज ताणून फाटतो, तरी तो तसाच ठेवला. दोष झाकायचा नाही, त्यालाच गाण्यात जागा द्यायची, ही स्टोन्सची दृष्टी. बीटल्सची दृष्टी वेगळी. प्रत्येक गाण्यासाठी नवी खोली बांधायची आणि तिच्यात पुन्हा राहायला जायचं नाही.

भारतातल्या चाहत्यांची या दोन बँडशी झालेली ओळखही वेगवेगळी आहे. जानेवारी १९६८मध्ये हॅरिसनने मुंबईत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं, पण बीटल्सची मैफल भारतात कधी झाली नाही. स्टोन्स एप्रिल २००३मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले.

आता वाद टिकून राहण्यावर आला आहे. २०२०मध्ये मॅकार्टनी म्हणाले, बीटल्स सरस होते, स्टोन्सची मुळं ब्लूजमध्येच आहेत. जॅगर यांनी उत्तर दिलं की एक बँड अजून स्टेडियममध्ये वाजवतो आहे, दुसरा अस्तित्वातच नाही. मला हे उत्तर अपुरं वाटतं. टिकणं हा मोठा गुण आहे, पण कलाकृती किती नवी होती याचं माप त्याने घेता येत नाही. आणि २०२३मध्ये स्टोन्सच्या 'हॅकनी डायमंड्स'मधल्या एका गाण्यात बास वाजवायला मॅकार्टनीच गेले.

माझं मत बीटल्सना. १९६३च्या 'शी लव्हज यू'पासून १९६६च्या 'टुमॉरो नेव्हर नोज'पर्यंत तीन वर्षं लागली. इतक्या थोड्या वेळात इतकं अंतर दुसऱ्या कुठल्याही रॉक बँडने कापलेलं मला दिसत नाही. पण तुम्ही माझ्या शब्दावर जाऊ नका. १९६६चेच दोन अल्बम घ्या: स्टोन्सचा 'आफ्टरमॅथ', ज्यातलं प्रत्येक गाणं पहिल्यांदाच जॅगर-रिचर्ड्स यांचं होतं, आणि बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर'. एका बैठकीत दोन्ही पूर्ण ऐका आणि मग तुमची कारणं मांडा.